माटोळीचा वास

(मंडळाच्या श्रावण मेळाव्यात साखळी येथे केलेले भाषण)



पत्रिकेत आमचा विषय 'फळांची आणि मसाल्यांची सुगंधी आरास' असा छापला आहे. कार्यवाहांनी फोनवर तो सांगितला तेव्हा आम्ही विचारले, "म्हणजे माटोळीच ना?" ते म्हणाले, "तीच हो, पण पत्रिकेत जरा भारदस्त दिसायला हवे." तेव्हा भारदस्तपणा पत्रिकेतच राहू द्या, आपण माटोळीवर बोलू.

आम्ही काही वक्ते नव्हे. डिप्लोमा सिव्हिलचा, नोकरी राज्य सरकारची, आणि बोलण्याची सवय म्हणाल तर मोजमापांवरून ठेकेदारांशी जेवढे बोलावे लागते तेवढीच. आम्हाला इथे उभे केले आहे ते आमच्या वडिलांच्या वहीमुळे. ती वही सोबत आणली आहे. तिच्याकडे येतोच.

१९६१ ला गोवा मुक्त झाला आणि पुढच्या काही वर्षांत इकडे गावोगाव मराठी शाळा निघाल्या. शिक्षक कमी पडत होते. तेव्हा पलीकडून जे मास्तर आले त्यांत आमचे वडील एक. मूळ गाव आजऱ्याकडचे. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरची गोष्ट अशीच आहे. कुणाचे वडील मास्तर, कुणाचे पोस्टात, कुणाचे आजोबा कापडाचे दुकान घेऊन आलेले. पहिल्या चवथीला वडिलांनी भाड्याच्या खोलीत गणपती बसवला, आणि देशावर करतात तसे रंगीत कागदाचे मखर केले. रात्रभर जागून, खळ लावून, झिरमिळ्या कापून. सकाळी शेजारच्या आजी दर्शनाला आल्या. त्यांनी नमस्कार केला, मखराकडे बघितले, मग वर बघितले आणि म्हणाल्या, "गणपतीच्या माथ्यार कांयच ना?"

हे वाक्य आमच्या घरात इतक्या वेळा सांगितले गेले आहे की आमच्या मुलीलाही ते त्या आजींच्या आवाजात म्हणता येते. तासाभरात आजींचा मुलगा बांबूच्या कांबींची एक चौकट, नारळांचा छोटा घोस, एक तवशे, एक तोरिंग आणि रानातली चार फळे घेऊन आला आणि मखराच्या वर टांगून गेला. आमच्या घरची पहिली माटोळी अशी दुसऱ्याच्या हातची. आपल्या नातेवाइकांना, पुण्या-मुंबईहून येणाऱ्यांना, माटोळी म्हणजे काय हे सांगावे लागते: गणपतीच्या वर छताला आडवी चौकट टांगायची आणि तिला त्या ऋतूत जे जे पिकते, फुलते, ते बांधायचे. सिंधुदुर्गात हिलाच माटवी म्हणतात. तिकडून आलेल्या घरांना ही नवी नव्हती; आम्हा घाटावरच्यांना शिकावी लागली.

इतिहासावर फार बोलत नाही, जाणकार समोर बसले आहेत. इन्क्विझिशन गोव्यात १५६० ला आले, आणि जुन्या काबिजादीतल्या तालुक्यांत देव-धर्म उघडपणे करणे अवघड झाले. कागदावरच्या चित्राचा गणपती पूजण्याची रीत काही घराण्यांत आजही आहे, तिचे मूळ त्या काळात सांगतात. आपली डिचोली, सत्तरी, पेडणे हे तालुके पोर्तुगिजांकडे आले ते अठराव्या शतकाच्या शेवटी. तोवर तो जाच बराच सैल झाला होता.

आता वासाकडे वळू. पत्रिकेतला 'सुगंधी' हा शब्द आम्हाला पटला तो याचसाठी.

आमच्याकडे माटोळी तयेला, म्हणजे चवथीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी बांधतात. मग खोलीचे दार ओढून घेतात. पहाटे दार उघडले की जो वास येतो तो वर्षातून एकदाच. पिकत चाललेल्या चिबडाचा गोडसर वास सगळ्यात पुढे. त्याच्यामागे तोरिंगाच्या सालीचा, ज्याला घाटावर पपनस म्हणतात त्या तोरिंगाचा. हळदीच्या पानांचा ओला वास, आंबाड्यांचा आंबूस, कुणी केवडा आणला असेल तर त्याचा. सुंभ पावसाने भिजलेले असते, त्याचाही एक वास असतो. आणि या सगळ्यांच्या वरून, नाकात किंचित झिणझिण्या आणणारा, तिरफळांचा.

तिरफळाबद्दल जरा सविस्तर बोलू द्या, कारण माटोळीतला खरा मसाला तोच. झाड उंच, खोडावर जाड शंकूसारखे काटे. हिरवी फळे चवथीच्या सुमारास झुपक्यांनी धरलेली असतात. पुढे ती सुकतात, फुटतात. आतले काळे बी टाकून द्यायचे आणि टरफल डब्यात भरून ठेवायचे. बांगड्याच्या आमटीत काय जाते ते या मंगल प्रसंगी सांगत नाही, पण चवथीच्या खतखत्यातही तिरफळच जाते. म्हणजे झुपका देवाच्या माथ्यावर आणि त्याचेच टरफल नैवेद्याच्या पानात. चिनी जेवणातली ती जीभ बधिर करणारी सेचुआन मिरी या तिरफळाचीच चुलत बहीण.

एक गोष्ट आम्हाला एका कृषी अधिकारी मित्राने दाखवली. तिरफळ, लिंबू, तोरिंग, महाळुंग, बेल आणि कढीपत्ता ही सगळी वनस्पतिशास्त्रात एकाच कुळातली. लिंबाचे पान उजेडासमोर धरा, त्यात सुईने टोचल्यासारखे बारीक पारदर्शक ठिपके दिसतात. ते तेलाचे थेंब. वास त्यांत असतो, फळाच्या सालीतही असाच असतो. म्हणून माटोळी बांधताना तोरिंगाला हात लागला, साल जरा खरवडली गेली, की खोली भरून जाते. हळद आणि आले हे दुसरे कुळ. ज्या बाईने पहिल्यांदा ही फळे शेजारी शेजारी बांधली तिने वनस्पतिशास्त्र शिकलेले नव्हते, पण तिचे नाक चांगले होते.

फळे टांगून सण करणे ही आपलीच मक्तेदारी आहे असे नाही. युरोपात नाताळात संत्र्याला लवंगा टोचून, सुकवून, घरात टांगतात. आणि आपल्याला त्याहून जवळचे उदाहरण कोकणातच आहे. अलिबाग-पेणकडचे मराठी बोलणारे बेने इस्रायल, ज्यांना गावात शनिवार तेली म्हणत, ते ज्यू. ज्यू लोकांचा मांडवाचा सण भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास येतो. फांद्यांचे छप्पर घालायचे, त्याला फळे टांगायची, आणि पूजेत हातात धरायचे फळ कोणते, तर महाळुंग.

आता बांधणीचे थोडे. इथे आमचा डिप्लोमा उपयोगी पडतो. चौकटीत उभ्या-आडव्या कांबी जिथे एकमेकींना छेदतात तिथे जड वस्तू बांधावी: नारळाचा घोस, भोपळा, केळीचा घड, निरफणस. तवशी, चिबूड मधल्या कांबींना. सुपारीचा घोस कोपऱ्यांवर, म्हणजे तोल राहतो. रानातले हलके सगळे कडेने: कांगले, नागलकुडा, घागऱ्यो, कवंडळाची लाल फळे, माट्टीची पाच पंखांची फळे. माट्टी हा आपला राज्यवृक्ष, हे मुलांना परीक्षेपुरते ठाऊक असते; त्याचे फळ मात्र बहुतेकांनी माटोळीतच पाहिलेले. दोर काथ्याचा किंवा केळीच्या सोपटाचा. एका वर्षी आम्ही हुशारी करून नायलॉनची दोरी आणली. गाठ गुळगुळीत, त्यात दमट हवा. तयेच्या रात्री अडीच वाजता आठ नारळांचा घोस खाली आला. मूर्ती अजून आणायची होती म्हणून वाचलो. पाट मात्र दुभंगला. आमच्या आईने एवढेच विचारले, "पूलही असेच बांधता का रे तुम्ही?"

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी फॉल्स सीलिंगला माटोळी टांगू नये. स्लॅबमध्ये हूक हवा. आणि चिबूड अर्धाकच्चा घ्यावा. पिकलेला चिबूड दुसऱ्या दिवशी तडकतो, त्याचा रस आरती घेणाऱ्याच्या डोक्यावर पडतो आणि चिलटे विसर्जनापर्यंत राहतात. कवंडळ, कळलावी ही दिसायला सुंदर पण विषारी. लहान मुले असतील त्या घरी ती हाताला लागणार नाहीत इतकी वर बांधावीत.

आता वही. वडिलांनी दुसऱ्या वर्षापासून ती ठेवली. शाळेची शंभर पानी वही, डावीकडे वस्तूचे नाव, मग ती कुठे मिळाली, कुणी दाखवली, आणि उजवीकडे वर्षांचे रकाने. त्या वर्षी माटोळीत ती वस्तू आली तर बरोबरची खूण, नाही आली तर रिकामे. मास्तरच ते, हजेरीपट तयार केला फळांचा. सुरुवातीच्या रकान्यांत खुणा दाट आहेत. आवळा, बेलफळ, जायफळ, मिऱ्यांचे हिरवे घोस कुणाच्या तरी कुळागरातून, कांगले 'शाळेमागे', घागऱ्यो 'नदीकाठी', कुंभ्याची फळे 'हरवळ्याच्या वाटेवर'. म्हणजे पायी अर्ध्या तासाच्या आत सगळे. पुढे पुढे ठिकाणांचा रकाना बदलत जातो. 'शाळेमागे' खोडून 'केरी'. मग 'केरीच्या पुढे'. मग 'बाजारातून'. शेवटच्या काही वर्षांत बऱ्याच नावांपुढे काहीच नाही, आणि आमचे वडील खूण नसलेली जागा कधी भरत नसत.

कारणे तुम्हाला माहीत आहेत. डिचोलीचे डोंगर खनिजासाठी पोखरले गेले. २०१२ ला खाणी बंद पडल्या तोवर जे जायचे ते गेले होते. सत्तरीत रान तोडून काजू लागले. आणि एक कारण आपण स्वतः. घोस तोडण्याऐवजी वेलच खेचून आणायचा, फळासाठी फांदीच उतरवायची. पुढल्या वर्षी त्या जागी काही नसते. केरीचे राजेंद्र केरकर हे कित्येक वर्षे बोलत-लिहीत आले आहेत. आपण वाचतो, मान डोलावतो आणि बाजारात जाऊन सर्वात मोठी मोळी उचलतो.

इथे जरा जपून बोलतो, कारण आम्ही सरकारी नोकर. कला आणि संस्कृती संचालनालय दरवर्षी माटोळी स्पर्धा घेते. ती चांगलीच गोष्ट आहे. तिच्यामुळे माटोळीला मान मिळाला, कितीतरी तरुण मुले रान ओळखायला शिकली. पण तीनशे-चारशे प्रकार मांडल्याच्या बातम्या येतात तेव्हा आमच्या मनात येते की एवढे आणताना मागे किती उरले? म्हादई अभयारण्य १९९९ ला घोषित झाले, तिथून काही तोडून आणायला कायद्याची मनाई आहे, आणि हद्द काही फळावर लिहिलेली नसते. आमचे मत एवढेच, की घरच्या माटोळीला आकड्यांची गरज नाही. आमच्या पहिल्या माटोळीत सहा-सात वस्तू होत्या आणि त्या शेजारच्या आजींना पुरेशा वाटल्या.

वडील गेले त्यानंतरची गोष्ट. पहिले वर्ष साधेपणाने केले. दुसऱ्या वर्षी कामाच्या गडबडीत उशीर झाला, आणि आम्ही शहरातून प्लास्टिकच्या फळांची तयार माळ आणली. दिसायला झकास. द्राक्षे, सफरचंदे, एक अननस. सौ. काही बोलली नाही. आई चवथीच्या सकाळी नेहमीसारखी उठली, तिने खोलीचे दार उघडले, आणि उंबऱ्यातच थांबली. तिला तेव्हा दिसायचे कमी झाले होते. तिने विचारले, "माटोळी बांधली नाहीत का अजून?"

आम्ही तशीच स्कूटर काढली. साखळीच्या बाजारात चवथीच्या सकाळी काय उरलेले असणार? तीन-चार बाया वाटे आवरत होत्या. त्यांतली एक घाटाखालच्या गावातून येणारी, वडील नेहमी तिच्याकडूनच घ्यायचे. आम्ही घाईने म्हटले, "मावशी, उरले असेल ते सगळे द्या." तिने मोळी पुढे केली. त्यात एक पिवळट बारीक फळांचा घोस होता. उगाच बोलायचे म्हणून विचारले, हे काय? तिने आमच्याकडे नीट बघितले. म्हणाली, "मास्तरांचो पूत मरे तूं? आनी तुका नांव खबर ना?"

ते कांगले होते. वडिलांच्या वहीत पहिल्या पानावर, पहिल्याच ओळीत. दरवर्षी आमच्या डोळ्यांदेखत बांधले गेलेले. आम्ही स्टूल धरून उभे असायचो, वर बघायचो नाही.

तिने मग खाली बसून मोळी सोडली आणि एकेक वस्तू हातात घेऊन नाव सांगितले. आम्ही खिशातल्या बिलाच्या पाठीमागे लिहून घेतले. अकरा नावे. पैसे विचारले तर उरलेल्या मालाचे म्हणून निम्मेच सांगितले. आम्ही पुरे दिले, तर उरलेली आंबाडी पिशवीत ओतली. जाता जाता म्हणाली की पूर्वी हे सारे घरामागे मिळायचे, आता दोन दिवस रानात फिरावे लागते. गुडघे चालत नाहीत, आणि सुनेला हे काम नको. सुनेचे तरी काय चुकले? दोन दिवस पावसात, जळवांत हिंडून आणलेल्या घोसाचे दहा रुपये कमी करा म्हणणारी गिऱ्हाइके आपणच. लायटिंगच्या माळेवर छापील किंमत असते, ती आपण मुकाट देतो.

ती माटोळी आम्ही आरतीच्या आधी कशीबशी बांधली. वेडीवाकडी झाली. आई आत येऊन बसली आणि म्हणाली, "तिरफळ कमी आहे यंदा." होतेच कमी, एकच झुपका मिळाला होता.

तेव्हापासून आमच्या घरी काही गोष्टी ठरल्या आहेत. तुम्हीही असेच करा असे म्हणत नाही. घरोघरची रीत वेगळी. हळद आणि आले आम्ही परसातच लावतो, चिबडाचा वेल कुंपणावर चढवतो, तोरिंगाचे झाड आता फळायला लागले आहे. तिरफळाचे एक झाड वडिलांनीच मागच्या अंगणात लावलेले होते. काट्यांमुळे आम्ही ते तोडायच्या बेतात होतो हे आज कबूल करतो. रानातल्या वस्तू सात-आठच घेतो, त्याही त्याच मावशींकडून, आणि घासाघीस न करता. वेल उपटून आणलेला दिसला तर घेत नाही, आणि का घेत नाही ते त्यांना सांगतो. पहिल्या वर्षी त्या रागावल्या. आता घोसच आणतात. विसर्जनानंतर माटोळी उतरवली की खाण्याजोगे वाटून टाकतो; रानातले जे सुकते त्याचे बी आमची मुलगी परसाच्या कडेला टाकते. अजून काही उगवलेले नाही. ती दर पावसाळ्यात बघून येते.

आणि माटोळी बांधताना वही उघडून ठेवतो. एकाने वर चढायचे, एकाने वस्तू द्यायची, देताना नाव घ्यायचे. नाव आले नाही तर वस्तू मिळत नाही. पाहुण्यांची यात फार पंचाईत होते. गेल्या वर्षी आमचे मेहुणे साताऱ्याहून आले होते, ते अर्धा तास हातात नागलकुडा घेऊन उभे होते.

वहीत रकाने संपले तेव्हा नवी पाने शिवली. खुणा आता मुलगी करते. तिचेही धोरण आजोबांचेच, आले नाही तर जागा रिकामी.

चवथ आता बारा दिवसांवर आहे. त्याआधीच्या सोमवारच्या बाजारापासून बाया बसायला लागतील. आम्ही सकाळी साडेसहाला तिथे असतो. कुणाला सोबत यायचे असेल तर जरूर या, पिशवी कापडी आणा. लहान मुलांना आणलेत तर फारच उत्तम, त्या मावशींना विद्यार्थी मिळाले की त्या खुलतात.

एक काम मात्र आजच आहे. वहीत तीन नोंदी अशा आहेत की नावावर पाणी सांडून शाई पसरली आहे. मावशींनाही वर्णनावरून ओळखता आल्या नाहीत. एकीपुढे वडिलांनी लिहिले आहे, 'मोर्ल्याच्या वाटेवर, ओहोळापाशी. फळ बोराएवढे, चुरडल्यास ओव्यासारखा वास.' शेवटची खूण १९८३ च्या रकान्यात आहे. इथे बसलेल्यांपैकी कुणी त्या बाजूला राहिलेले असेल, कुणाच्या आईने असे काही माटोळीत बांधलेले आठवत असेल, तर चहाच्या वेळी सांगा. वही मागच्या टेबलावर ठेवली आहे, पेन्सिलही आहे.